पुलावरच्या आठ मात्रा

रिवालेंता, ९ सप्टेंबर १९९८

नेरीना,

चाळीस वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर दिसल्यावर हे पत्र तू न उघडता फाडलंस, तरी मला बोलायला जागा नाही. पण तू फाडणार नाहीस. आधी वाचायचं आणि मग संतापायचं, ही तुझी जुनी खोड. माझीही तीच. कॉन्व्हेंटात मदर एउजेनियाने आपल्याला एका बाकावर बसवून दुसरं काही शिकवलं असेल तर मला आठवत नाही.

मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. थिएटरच्या संगीत-भांडाराच्या किल्ल्या ज्या दिवशी परत केल्या, त्या दिवशी ठरवलं होतं की आता वादकांचे कागद, त्यांची खोकी आणि त्यांचे मालक यांचं तोंड पाहायचं नाही. पण परवा नगरपालिकेने बोलावलं. कार्पानेल्ली मास्तरांच्या ‘पाण्यातल्या बायका’ची नवी, शुद्ध आवृत्ती निघते आहे. डिसेंबरात तो ऑपेरा आपल्याच थिएटरात लागणार. हे सगळं करणारा गृहस्थ म्हणजे प्राध्यापक लांदोल्फी. मिलानचा आहे. गळ्यात रेशमी रुमाल, आणि बोलताना तो स्वतःचंच बोलणं कान देऊन ऐकतो. त्याने प्रस्तावनेचा मसुदा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, “बाईसाहेब, तेवढी गावातली नावं तपासून द्या.”

त्यात मास्तरांना त्याने ‘मातीतला भोळा प्रतिभावंत’ म्हटलं आहे. भोळा! ज्या माणसाने १९२१ साली भातखाचरातल्या बायका, खऱ्या बायका, अनवाणी रंगमंचावर आणल्या, मुख्य गायिकेचं शेवटचं गाणं कापून त्यांच्या तोंडी दिलं, गाण्यामागून गाणं असं जोडून घेतलं की टाळीला फट राहू नये, आणि वन्स मोअर कायमचा बंद केला, तो भोळा? थिएटरातल्या खासगी सज्ज्यांचे मालक बायकामुलांसह उठून गेले होते. माझी आई त्या बायकांत होती. ती सांगायची, मास्तर तालमीत ओरडायचे, “पोरींनो, सुंदर गाऊ नका! कंबर मोडल्यावर गाता तसं गा!” पुढे फॅसिस्टांच्या, काळ्या डगल्यांच्या राज्यात वीस वर्षं ऑपेरावर बंदी होती. तेव्हा आपल्या बँडने त्याचा शेवटचा कोरस मयताला वाजवायला सुरुवात केली, कारण मयतावर बंदी घालता येत नाही. हे त्या प्रस्तावनेत नाही.

जे आहे ते असं: “१९५७च्या प्रयोगांच्या वेळी वृद्ध संगीतकाराने वादकांच्या कागदांवर पेन्सिलीने केलेले अखेरचे बदल भांडारप्रमुख ओविदियो बोर्सेत्ती यांच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे कायमचे पुसले गेले.”

तुझ्या बाबांचं नाव, नेरीना. आता छापील होणार. ते खोटं आहे हे जगात दोनच माणसांना माहीत आहे. एक तिकडे समुद्रापार रोसारिओत आहे, आणि दुसरी हे पत्र लिहिते आहे.

मी प्राध्यापकाला म्हटलं, “यातलं एक नाव चुकलंय.” तो म्हणाला, “कुठलं?” मी म्हटलं, “पाहून सांगते.” छपाईला दोन महिने अवकाश आहे.

एवढंच कळवायचं होतं.

डेल्फीना


रिवालेंता, २१ सप्टेंबर

नेरीना,

तुझं उत्तर इतक्यात येणार नाही, हे कळतं. पण हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

काल मास्तरांच्या जन्मघरावर पाटी लावायची होती. बँड बोलावला होता. पिनोत आठवतो? स्टेशनमागच्या बेकरीवाल्याचा थोरला. त्याने तुला एकदा भाजलेल्या पिठाचा बदाम करून दिला होता आणि तू तो त्याच्यासमोर खाऊन टाकला होतास. आता साठीचा झालाय, डोक्यावर केस नाही, पण कॉर्नेटची ती पितळी तुतारी अजून तोच वाजवतो आणि बँडही तोच चालवतो.

सरावाला लांदोल्फी उभा. शेवटचा कोरस सुरू झाला. मधोमध बँड थांबला, तसा तो दर वेळी थांबतो. आठ मात्रा सगळे गप्प. मग पिनोतचा कॉर्नेट एकटा.

“थांबा, थांबा!” लांदोल्फीने हात वर केले. “इथे काय झालं? वादक विसरले का?”

“काय व्हायचंय?” पिनोत म्हणाला. “हे असंच आहे.”

“छापील प्रतीत असं नाही. तिथे पितळी वाद्यं अखंड आहेत, ढोल आहे. तुम्ही आठ मात्रा गाळताय.”

“गाळत नाही हो. वाजवतोय.”

“न वाजवता?”

“हां. न वाजवता वाजवतोय.”

बँडवाले हसले. लांदोल्फी नाही हसला. म्हणाला, “वर्षानुवर्षांची वाईट सवय आहे ही. नव्या आवृत्तीत तळटीप देईन.”

खरं सांगायचं तर मलाही ते नेहमी सवयीचंच वाटत आलं. गावातल्या कुणालाही विचार. कबरस्तानाच्या वाटेवर नवा पूल झाला तो ५८च्या जानेवारीत. त्याला चढ आहे, आणि तिथे पोचलं की बँड दम घेतो, अशी सगळ्यांची समजूत. तेवढ्यात फक्त लोकांची पावलं ऐकू येतात. चाळीस वर्षं मी त्या पुलावरून लोकांना पोचवत आले आणि म्हणत आले, पिनोत, सिगारेट सोड.

पण पिनोत लांदोल्फीला म्हणाला, “सवय कसली? मी ५७ला थिएटरात तिसरा कॉर्नेट होतो. शेवटच्या प्रयोगाआधी मास्तर स्वतः माझ्या खुर्चीपाशी आले आणि माझ्या कागदावर लिहून गेले. ती एकच रात्र आम्ही तसं वाजवलं. मग फेब्रुवारीत मास्तर गेले. त्यांच्या मयताला आम्ही थिएटरात वाजवलेल्या पाच बँडवाल्यांनी ठरवलं, त्यांना हवं होतं तसंच वाजवायचं. पुढे तसंच पडलं.”

“मग हे इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही?”

“बँडवाल्यांना कोण विचारतं, साहेब?”

५७चा कंडक्टर मेला. जिवंत होता तेव्हाही त्याला स्वतःच्या भांगापलीकडचं काही आठवत नसे. बाकीचे चार बँडवाले त्याच पुलावरून गेले. लांदोल्फी पिनोतला म्हणाला, “आपला शब्द मी मानतो. पण एका माणसाच्या आठवणीवर संगीत छापता येत नाही. ती पेन्सिल पाहिलेलं दुसरं कुणी आहे?”

मी हातातली पर्स उघडली आणि पुन्हा मिटली. आणि घरी आले.

डेल्फीना


रिवालेंता, १२ ऑक्टोबर

नेरीना,

तुझं कार्ड मिळालं. चार शब्द: “पाव कुणी चुरला, सांग.”

सांगते. तुला माहीत आहे, पण मी कधी सांगितलेलं नाही. दोन्ही एक नव्हे.

नोकरीला लागून मला तीन आठवडे झाले होते. शेवटचा प्रयोग संपला तेव्हा मी तळघरात खोकी लावत होते, त्यामुळे वर काय वाजलं ते मी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून ओविदियोकाका छातीच्या दुखण्याने तीन दिवस घरी होते. खोक्याच्या झाकणावर प्रकाशकाची छापील सूचना होती: कागद स्वच्छ करून परत पाठवावेत. मला वाटलं, काका बरे होऊन येतील तेव्हा सगळं तयार पाहून शाबासकी देतील. कॉन्व्हेंटमध्ये आपण चित्रांची पानं कशाने साफ करायचो? शिळ्या पावाच्या मऊ गाभ्याने. तसाच पाव घेतला. बासष्ट वादकांचे कागद, तीन दिवस. एकही रेघ ठेवली नाही. चुरा खिडकीत टाकत होते. मास्तरांची शेवटची अक्षरं चिमण्यांनी खाल्ली, नेरीना. मी त्यांना हाकलतसुद्धा नव्हते. छान वाटत होतं.

आणि वाचून पुसलं, न वाचता नाही. ते सगळ्यांत वाईट. पितळी वाद्यांच्या प्रत्येक कागदावर त्याच जागी तेच वाकडं अक्षर होतं: “इथे कुणी नाही. फक्त पाय.” मला वाटलं, रंगमंचावरच्या बायकांसाठी काहीतरी सूचना असेल. वाजवणाऱ्यांच्या कागदावर बायकांची सूचना कशाला असेल, हा प्रश्न मला पडला नाही. पुसायला हात लागतो, डोकं लागत नाही.

फेब्रुवारीत मास्तर गेले. आठवड्याभरात प्रकाशकाचं पत्र आलं: अखेरच्या दुरुस्त्या असलेले कागद जपून पाठवा. खोकी अजून गेलेली नव्हती. काकांनी पहिलं खोकं उघडलं. मग दुसरं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि खिडकीच्या फटीतला एक राखाडी कण बोटाने उचलला.

थिएटरच्या मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, “कुणी पुसलं?” मी फाईल धरून त्यांच्या पाठीमागे उभी होते. काका म्हणाले, “मी. पावाने.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “काका, पण…”

“गप्प बस, पोरी. मी दोन वर्षांनी घरी बसायचा तो आज बसेन. तुला अजून सगळं शिकायचंय. आणि एक ऐक. पाव खायचा असतो.”

संध्याकाळी तू माझ्या खोलीत आलीस. दारातच म्हणालीस, “आमच्या घरी पाव खाली पडला तर बाबा उचलून त्याचा मुका घेतात. ते पाव चुरतील? ते?” आणि मी काय म्हटलं? म्हटलं, “मला कुणी विचारलंच नाही.”

पुढच्या महिन्यात तू लग्न करून जहाजात बसलीस. मी तुझ्या बाबांच्या खुर्चीत बसले. चौतीस वर्षं.

आता जे तुला माहीत नाही ते. दर गुरुवारी ते थिएटरमागच्या कॅफेत यायचे. मी माझी कोडी घेऊन जायची. कुठलं पान कुठल्या प्रतीतलं, ओल लागलेला कागद कसा वाळवायचा, दोन बासरीवाल्यांची भांडणं कशी मिटवायची. ते कॉफीत बिस्किट बुडवत सांगत राहायचे. अकरा वर्षं. मला जे येतं ते त्यांचं आहे. त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी एकदाही केला नाही. त्यांनी एकदा जरी केला असता तर मी मोडले असते, आणि कदाचित खरं बोलले असते. ते इतके चांगले होते याचा मला कधी कधी रागही आला आहे. आज मात्र आभारच वाटतात. सांगायला उशीर झाला.

६९च्या मार्चमध्ये ते गेले. तुझी तार आली की तू वेळेत पोचू शकत नाहीस. मी शवपेटीमागे तिसऱ्या रांगेत होते. पुलावर बँड थांबला. धुकं होतं, माणसं दिसत नव्हती. फक्त पाय ऐकू येत होते, शंभरएक माणसांचे, आठ पावलं. मग पिनोतचा कॉर्नेट आला. तुझ्या बाबांना ज्यासाठी दोषी ठरवलं, तेच त्यांच्यामागून वाजत गेलं. आणि आम्हाला वाटलं, चढ आहे.

उद्या नगरपालिकेत जाते आहे.

डेल्फीना


रिवालेंता, ३० ऑक्टोबर

प्रिय नेरीना,

गेले. बोलले. आभाळ काही कोसळलं नाही, याचाच थोडा अपमान वाटला.

टेबलाभोवती नगराध्यक्षा, समितीतले दोघे आणि लांदोल्फी. पिनोत टोपी मांडीवर ठेवून कोपऱ्यात. मी उभ्या उभ्याच सांगितलं: कागद मी पुसले, बोर्सेत्तींनी नाही. त्यांनी माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं आणि मी माझ्यासाठी.

लांदोल्फीने चष्मा काढला. “एकेचाळीस वर्षं आपण गप्प होतात, बाईसाहेब. आज अचानक म्हणता, सगळं आठवतं. मी हे का मानावं?”

“कारण ज्याने पुसलं त्यानेच शेवटचं वाचलं,” मी म्हटलं. “आणि हे सांगून मला लाडू मिळणार नाहीत.”

“आपण दोघं एकाच गावचे. एकमेकांना विचारून आला असाल.”

“हिला?” पिनोत म्हणाला. “साहेब, ही बाई मला चाळीस वर्षं सिगारेट सोड म्हणते आहे. दुसरं संभाषण नाही आमचं.”

माणूस अगदीच वाईट नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याने आम्हाला वेगळं केलं. मला आतल्या खोलीत कोरसची कोरी छापील प्रत दिली आणि सांगितलं, जिथे जिथे पेन्सिल होती तिथे खूण करा, शब्द आठवतील तसे लिहा. पिनोतला दुसऱ्या खोलीत तेच. नेरीना, पान समोर आलं आणि ते वाकडं अक्षर जसंच्या तसं वर आलं. तीन दिवस मी त्यावर पाव घासला होता. माझ्याच हातून ते माझ्यात घासलं गेलं होतं.

दोन्ही कागद लांदोल्फीने शेजारी ठेवले. आठ मात्रा त्याच जागी. ते आधीच बँडवरून माहीत होतं, त्याने नुसती मान हलवली. मग त्याचं बोट माझ्या कागदावर एका ठिकाणी थांबलं. तिसऱ्या कॉर्नेटच्या ओळीखाली मी तीन शब्द लिहिले होते: “उशिरा आल्यासारखं वाजव.”

“हे काय?”

पिनोत उठून उभा राहिला. टोपी खाली पडली. “हे… हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मास्तर ते लिहिता लिहिता माझ्या कानात बोलले होते. म्हणाले, सगळे पुढे गेले, तू मागे राहिलास, तसं वाजव. आत्ता त्या खोलीत मी लिहूही शकलो नाही ते. मला वाटलं, वेड्यासारखं दिसेल.”

कागदांवरच्या तीन शब्दांपेक्षा त्या खोलीतला कुणी मोठा नव्हता त्या घटकेला. लांदोल्फीने गळ्यातला रुमाल सैल केला. म्हणाला, “म्हणजे ज्याने ढोलाने क्रांती केली, त्याने शेवटी ढोल काढून घेतला.”

“कळलं ना आता, भोळा नव्हता ते?” मी म्हटलं.

त्याने प्रस्तावना पुढे ओढली आणि माझ्यासमोर तो शब्द खोडला.

नगराध्यक्षा कसनुसं हसून म्हणाल्या की डिसेंबरात मला पदक द्यायचं ठरलं होतं, आता जरा अवघड होईल. मी म्हटलं, “पदक द्यायचंच असेल तर पत्ता ओविदियो बोर्सेत्ती, कबरस्तान, दुसरी ओळ, सायप्रसजवळ.” ते त्यांनी लिहून घेतलं. मी टोमणा मारला होता, पण त्यांनी लिहून घेतलं.

गावात दोन दिवस कुजबुज झाली. भाजीवालीने माझ्याकडे न बघता कांदे दिले. पिनोतची बहीण तोंडावर म्हणाली, “त्यांच्या खुर्चीत बसून निवृत्त झालीस, बाई.” खरं आहे. मी मान हलवली. मग तिनेच मला घरी नेऊन भात-घेवड्याची वाटी दिली. अतिशय खारट होती. मी संपवली.

डेल्फीना


रिवालेंता, ७ डिसेंबर

प्रिय नेरीना,

काल दुपारी प्रयोग झाला. मला तिसऱ्या सज्ज्यात जागा दिली होती. मी तिकीट परत केलं आणि सगळ्यात वरच्या गॅलरीत जाऊन बसले, लाकडी बाकांवर, जिथून आपण शाळकरी असताना गायकांच्या टकलांवर टीका करायचो. गॅलरी भरून आपलं गाव होतं. खाली मिलानचे लोक होते.

बायकांचा कोरस आजूबाजूच्या खेड्यांतला. भात आता यंत्रांनी होतो, त्यातल्या कुणी पाण्यात वाकलेल्या नाहीत. पण गायल्या बऱ्या. सुंदर नाही गायल्या. आई खूश झाली असती.

शेवट आला. पितळी वाद्यं चढत गेली, आणि त्या जागी सगळं थांबलं. बायका अनवाणी, तशाच उभ्या. खालची माणसं श्वास धरून.

आणि नेरीना, वर गॅलरीत पाय हलले.

कुणी ठरवलं नव्हतं. कुणी कुणाकडे पाहिलंही नाही. पण त्या जागी आलं की आमचे पाय चालतात. आपापल्या माणसांमागून आम्ही सगळे ती पावलं जन्मभर चाललो आहोत. अडीचशे माणसांनी बसल्या जागी, लाकडी फळ्यांवर, हलक्याने आठ पावलं टाकली. माझीही पडली. पाचव्या पावलाला मला कळलं की मी चालते आहे. खाली लांदोल्फीने मान वर केली. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. ते कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि असलं तरी मला पुसता आलं नसतं.

मग पिनोत. कंडक्टरने हट्टाने त्यालाच तिसऱ्या कॉर्नेटला बसवलं होतं. तो उशिरा आला. अगदी हवा तितका.

छापील प्रस्तावनेचं पान सोबत आहे. वाच: “हे बदल भांडारातील साहाय्यक डेल्फीना मोर्सेल्ली यांनी पावाच्या चुऱ्याने पुसले, दोष भांडारप्रमुख ओविदियो बोर्सेत्ती यांनी स्वतःवर घेतला.” पावाचा चुरा लांदोल्फी गाळणार होता. म्हणाला, शास्त्रीय ग्रंथात बरं दिसत नाही. मी म्हटलं, “एका बाईने चाळीस वर्षं समुद्रापलीकडे या एका पावासाठी अबोला धरलाय. तो शब्द राहू दे.” राहिला.

आज सकाळी तुझं दुसरं कार्ड आलं: “मार्चमध्ये येते. बाबांच्या वाटेने चालायचंय.” मी ते दोनदा वाचलं आणि मदर एउजेनियाच्या नावाने मेणबत्ती लावून आले. तिची आठवण कधी नव्हे ती प्रेमाने झाली.

पिनोतकडे गेले. म्हटलं, “मार्चमध्ये पुलावर बँड हवा.”

“कोण गेलं?”

“कुणी नाही. एक जण येतंय.”

“मेलेलं माणूस नसताना मयताचं वाजवायचं? लोक काय म्हणतील?”

“सगळं वाजवू नकोस. फक्त त्या आठ मात्रा दे.”

त्याने डोकं खाजवलं. “त्या तर न वाजवायच्या आहेत. त्याला कॉर्नेट लागतो का?”

“लागतो. हातात धरून उभा राहा. आम्ही दोघी आठ पावलं चालून येऊ. मग तू वाजव.”

“उशिरा आल्यासारखं?”

“हो,” मी म्हटलं. “दोघींना पुरेल इतकं.”

तुझी,
डेल्फीना